गोव्यात पहिल्यांदा सर्फिंग शिकायचे आहे : किती दिवस, कोणती वेळ, काय तयारी?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे)

नमस्कार. यंदा भाऊबीजेच्या रात्री कोकणकन्या एक्सप्रेसने ठाण्याहून निघून आम्ही तिघे, म्हणजे मी, यजमान आणि आठवीत शिकणारी मुलगी, गोव्याला जाणार आहोत. उत्तर गोव्यात मांद्रे-अश्वे भागात पाच दिवसांचा मुक्काम आहे. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी ताहितीत झालेल्या सर्फिंगच्या स्पर्धा पाहिल्यापासून मुलीने हा ध्यास घेतला आहे आणि खरे सांगायचे तर मलाही मनापासून शिकायचे आहे. माझे वय बेचाळीस आहे.

एका ठिकाणी दूरध्वनीवर चौकशी केली तेव्हा “दोन तासांचे एकच सत्र घ्या, पहिल्याच दिवशी उभे करून दाखवू” असे उत्तर मिळाले. या हमीला कितपत महत्त्व द्यावे? एक सत्र पुरेसे होते, की सुट्टीतल्या सगळ्या सकाळी त्यासाठीच राखून ठेवाव्यात? यजमान आणि मुलगी चांगले पोहतात. मी तरणतलावात पोहते, पण समुद्रात कंबरेपलीकडे कधी गेलेले नाही. शिवाय मला उणे पाचचा चष्मा आहे आणि त्याशिवाय समोरचा माणूसही धूसर दिसतो. ज्यांनी स्वतः शिकून घेतले आहे किंवा ज्यांना समुद्राची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद (नेरुळ, नवी मुंबई)

ताई, पहिल्या दिवशी उभे राहणे फारसे अवघड नसते, त्यामुळे त्या हमीवरून शिकवणाऱ्याची पारख होत नाही. कंबरभर पाण्यात प्रशिक्षक तुमचा बोर्ड धरून ठेवतो, योग्य लाट आली की मागून ढकलतो, आणि नवशिक्यांसाठीचा आठ-नऊ फुटी फोमचा बोर्ड इतका स्थिर असतो की धडधाकट माणूस दोन-चार सेकंद तरी उभा राहतोच. त्याचे छायाचित्र निघते, माणूस खूश होऊन परततो, आणि लाट म्हणजे काय हे त्याला कळलेलेच नसते. येणाऱ्या लाटांपैकी आपली कोणती हे ओळखणे, स्वतः पॅडल मारून, म्हणजे बोर्डावर पालथे पडून हातांनी पाणी मागे लोटत, तिचा वेग गाठणे, तिने उचलल्याचे अंगाला जाणवले की मगच उठणे आणि पडल्यावर बोर्डासह शांतपणे परत वळणे, हे खरे शिकणे आहे आणि त्याला लागोपाठच्या तीन-चार सकाळी तरी द्याव्या लागतात. पाच दिवसांच्या मुक्कामात मी रोज दीड-दोन तासांचे सत्र घेईन आणि उरलेला दिवस विश्रांतीसाठी ठेवीन. मधला एक दिवस गाळलात तरी चालेल, कारण दुसऱ्या दिवशी खांदे आणि बरगड्या चांगल्याच बोलू लागतात.

चांगले प्रशिक्षण पाण्यात सुरू होत नाही. आधी वाळूवर बोर्ड ठेवून त्यावर पालथे झोपायचे, पायाची बोटे बोर्डाच्या शेपटीकडे कुठे यावीत ते ठरवायचे, छाती उचलून नजर समोर ठेवायची, तळहात बरगड्यांजवळ बोर्डावर टेकवायचे आणि एका झटक्यात उठून दोन्ही पाय आडवे रोवायचे. हे जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतात. कोणता पाय पुढे ठेवायचा ते प्रशिक्षक सहसा मागून अलगद ढकलून पाहतो, कारण तोल सावरताना जो पाय आपोआप पुढे पडतो तोच बहुधा बोर्डावर पुढे राहतो. लीश म्हणजे बोर्डाला बांधलेला पट्टा मागच्या पायाच्या घोट्याला लावतात, आणि तो हाताच्या बोटांभोवती कधीही गुंडाळायचा नसतो. उठताना नजर पायांकडे गेली की माणूस हमखास कोसळतो, ही गोष्ट सांगून कळत नाही, पण वाळूवर दहा वेळा करून पाहिल्यावर कळते.

पडण्याचेही शिक्षण असते आणि माझ्या मते त्यासाठी वेगळी दहा मिनिटे मागून घ्यावीत. उथळ पाण्यात डोके पुढे करून सूर मारणे सर्वांत धोक्याचे असते, म्हणून पाठीवर किंवा कुशीवर पसरट पडायचे, वर येताना दोन्ही हातांनी डोके झाकायचे आणि आधी आपला बोर्ड कुठे आहे ते पाहायचे. बोर्ड लाट आणि आपले अंग यांच्या मध्ये कधीही येऊ द्यायचा नाही. नवशिक्यांच्या बहुतेक जखमा समुद्रामुळे होत नाहीत, स्वतःच्याच बोर्डामुळे होतात.

किनाऱ्याविषयी थोडे. लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीच्या पाण्यात पोहोचली की फुटते. तळाचा उतार मंद असेल तर ती हळूहळू फुटते आणि तिचे फेसाळ पाणी लांबवर धावते, तर उतार तीव्र असेल तर ती एकदम उंच होऊन काठावरच आपटते. शिकणाऱ्याला पहिला प्रकार हवा असतो. अश्वे-मांद्र्याचा रुंद, सपाट वाळूचा किनारा या दृष्टीने चांगला आहे आणि नोव्हेंबरच्या सुमारास तिथल्या लाटा सहसा कंबरेच्या आतच असतात. ताहितीसारख्या लाटा मुलीच्या मनात असतील तर तिला हे आधीच सांगून ठेवावे. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या आगेमागे लाटा मोठ्या होतात आणि जून ते सप्टेंबरमध्ये नवशिक्याने पाण्यात उतरण्याचा विचारही करू नये.

पुढे गोडी लागली तर कर्नाटकात मुल्कीला जरूर जावे. तिथला मंत्रा सर्फ क्लब भारतातील पहिला सर्फ क्लब मानला जातो आणि तिकडे जाणारी मत्स्यगंधा एक्सप्रेस ठाणे आणि पनवेल अशा दोन्ही स्थानकांवर थांबते.

प्रशिक्षकाला तीन प्रश्न नक्की विचारावेत. एका प्रशिक्षकामागे पाण्यात किती शिकाऊ असतात? चारपेक्षा जास्त असतील तर मी पुढचे बोलणेच करणार नाही. इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशनचे प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र आणि जलबचावाचे प्रशिक्षण आहे का? आणि समुद्र योग्य नसेल तर सत्र रद्द करून पैसे परत देता का? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून माणूस पटकन ओळखता येतो. बनाना राईड, पॅरासेलिंग आणि सर्फिंग एकाच पॅकेजमध्ये विकणाऱ्यांकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद (चेंदणी कोळीवाडा, ठाणे)

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. भरती-ओहोटीचा विषय त्यात राहिला आहे आणि तुमच्या तारखांसाठी तो महत्त्वाचा आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे जुनी माणसे तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारण किती वाजता लागेल ते कळते. तुम्ही भाऊबीजेला निघून तृतीयेला पोहोचाल, म्हणजे पहिले सत्र चतुर्थीला होईल. चाराची पाऊणपट तीन, म्हणजे मुंबईत दुपारी तीनला पूर्ण भरती आणि त्याआधी सुमारे सव्वासहा तास, म्हणजे पावणेनऊच्या आसपास पूर्ण ओहोटी. गोव्यात ही वेळ मुंबईच्या थोडी आधी येते. हा झाला अंदाज, नेमकी वेळ त्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यातच पाहावी. रोज ही वेळ सुमारे पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे चतुर्थीला सकाळी आठ-साडेआठला पाण्यात उतरलात तर पाणी चढू लागलेले असेल, पण षष्ठीला त्याच वेळी उतरलात तर ते अजून बाहेर जात असेल.

नवशिक्यासाठी पाणी चढत असताना, म्हणजे सुकतीनंतरच्या (पूर्ण ओहोटीनंतरच्या) पहिल्या दोन-अडीच तासांत शिकणे सर्वांत चांगले. तेव्हा सपाट वाळूवर उथळ पाणी लांबवर असते आणि पडलेला माणूस किनाऱ्याकडेच ढकलला जातो. पूर्ण भरतीला त्याच किनाऱ्यावर लाट काठाच्या चढावर आपटते. अमावास्येनंतरचे ते दिवस उधाणाचे असल्याने उतरत्या पाण्याला ओढ जास्त राहील. त्यामुळे रोज ठरावीक वेळेचा हट्ट न धरता सत्राची वेळ प्रशिक्षकाशी बोलून पुढे सरकवून घ्यावी. मात्र फार उशीरही नको. सकाळी जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यात लाटेचे तोंड स्वच्छ, सपाट राहते, आणि दुपारकडे खारे वारे सुटले की सगळे पाणी खवळते.

खाडीच्या तोंडापासून लांब राहा. उत्तर गोव्यात मोरजीजवळ शापोरा आणि केरीजवळ तेरेखोल समुद्राला मिळते, आणि ओहोटीच्या वेळी तिथले पाणी माणसाला सहज बाहेर नेते. मोकळ्या किनाऱ्यावरही ओढीचे पट्टे असतात. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधल्याच पट्ट्यात पाणी शांत, गढूळ, किंचित गडद दिसते. नवख्या माणसाला वाटते की इथेच उतरणे सोपे, आणि तीच बाहेर जाणारी वाट असते. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने पोहण्यात ताकद घालवू नका, बोर्ड सोडू नका, त्यावर पालथे पडून एक हात वर करा आणि जमेल तेव्हा किनाऱ्याला समांतर सरका. हे पट्टे अरुंद असतात, बाजूला गेलात की लाटाच तुम्हाला आत आणतात.

निघण्यापूर्वी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा समुद्राचा अंदाज पाहावा. त्यात लाटांची उंची असते तसाच दोन लाटांमधला अवधीही असतो. उंची सारखीच असली तरी सहा सेकंदांनी येणारी लाट वाऱ्याने उठवलेली असते, तर चौदा सेकंदांनी येणारी लाट दूरच्या समुद्रातून आलेली आणि कितीतरी जास्त जोराची असते. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर प्रशिक्षक काहीही म्हणो, उतरू नये. लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पोहणाऱ्यांची असते, तिथे बोर्ड नेऊ नये.

प्रतिसाद (खारघर, नवी मुंबई)

मी पोहण्याची शिक्षिका आहे, त्यामुळे तयारीपुरतेच लिहिते.

ताई, तरणतलावात पोहता येणे आणि पाण्यात शांत राहता येणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत आणि तुम्हाला दुसरी वाढवायची आहे. न थांबता पन्नास मीटर पोहणे, पाठीवर पाच मिनिटे तरंगणे, आणि श्वास सोडून तळाशी बसून घाई न करता वर येणे, या तीन गोष्टी सहज होईपर्यंत महापालिकेच्या तरणतलावात सराव करावा. गॉगल न लावता डोळे मिटून पाण्याखाली कुशीवर वळण्याचाही सराव करावा, कारण लाटेत पडल्यावर वर कुठे आणि खाली कुठे हेच क्षणभर कळत नाही. त्या क्षणी हातपाय न मारता वाट पाहिली की शरीर आपोआप वर येते.

पॅडल मारताना छाती उचललेली आणि मान ताठ ठेवावी लागते, त्यामुळे आपल्यासारख्या दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे खांदे आणि पाठ अर्ध्या तासातच थकतात. यासाठी भुजंगासन आणि शलभासन उत्तम आहेत, पण सर्वांत उपयोगी सूर्यनमस्कार आहे. त्यात दुसऱ्यांदा अश्वसंचालनासनात येताना मागचा पाय उचलून दोन्ही तळहातांच्या मध्ये ठेवतात, ती हालचाल बोर्डावर उठण्याच्या हालचालीच्या अगदी जवळची आहे. बहुतेकांचा पाय तळहातांच्या मागेच अडकतो आणि मग हाताने ओढून पुढे घ्यावा लागतो. तो एका झेपेत, आवाज न करता तळहातांच्या मध्ये येऊ लागेपर्यंत रोज बारा नमस्कार घालावेत. दिवाळीपूर्वी सहा आठवडे सराव झाला तर पहिल्याच सकाळी फरक जाणवेल. खांदा पूर्वी कधी निखळला असेल तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय जाऊ नये.

चष्म्याविषयी. काचेचा किंवा कडक प्लास्टिकचा गॉगल लाटेत नको, तो बोर्डावर आदळला तर डोळ्याला इजा होते. कॉन्टॅक्ट लेन्स पाण्यात घालणे नेत्रतज्ज्ञ सहसा नाकारतात, कारण पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकून गंभीर संसर्ग होऊ शकतो. तुमचे डॉक्टर परवानगी देत असतील तर एकदाच वापरून टाकायच्या लेन्स घालाव्यात आणि पाण्याबाहेर येताच काढून फेकाव्यात. परवानगी देत नसतील तर कंबरभर पाण्यात चष्म्याशिवाय शिकता येते. त्यासाठी प्रशिक्षकाला आधीच सांगून ठळक रंगाचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा सदरा) घालायला लावावा आणि आवाजाऐवजी हाताच्या मोठ्या खुणा ठरवून घ्याव्यात, कारण लाटांच्या आवाजात हाका ऐकू येत नाहीत. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड तिघांनीही घालावा. उन्हापेक्षाही बोर्डावर घासून पोट आणि कोपर सोलवटण्याचा त्रास अधिक असतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद (घोडबंदर रोड, ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. एका सत्राचा विचार सोडून दिला आहे. चतुर्थीपासून लागोपाठ तीन सकाळी शिकायचे आणि सत्राची वेळ रोज पुढे सरकवून घ्यायची असे ठरवले आहे. नेत्रतज्ज्ञांची वेळ घेतली आहे आणि मुलीने आजच सूर्यनमस्कार सुरू केले आहेत. एकच शंका उरली आहे. उथळ वाळूत पाकट नावाचे चपटे मासे असतात असे ऐकले, त्याची भीती कितपत बाळगावी?

प्रतिसाद (चेंदणी कोळीवाडा, ठाणे)

भीती नको, पण चालण्याची पद्धत बदला. पाकट वाळूत अंग पुरून पडलेले असते आणि अंगावर पाय पडला तरच शेपटीचा काटा मारते. म्हणून पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवर घासत पुढे न्यावेत, म्हणजे चाहूल लागून ते आधीच निघून जाते. बोर्डावरून उतरतानाही उडी मारून न उतरता हळूच पाय टेकवावा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा, त्याने वेदना बरीच कमी होते. काटा आत राहिला असेल तर तो स्वतः ओढून काढू नये आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.