बडोदा: भुव्यात स्कूटर गेली, बाबांचं मनगट मोडलं. नोटीस कोणाला पाठवायची?

नमस्कार मंडळी,

आम्ही दांडिया बाजाराजवळ राहतो. २८ जूनला सकाळी सव्वासहाला बाबा (वय ६६) दूध आणायला निघाले आणि गल्लीच्या तोंडाशीच स्कूटरचं पुढचं चाक मडगार्डपर्यंत रस्त्यात गेलं. बडोदेकरांना भुवा म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, आतून पोकळ झालेला रस्ता पावसात एकदम खचतो, त्याला इथे भुवा म्हणतात.

पण हा भुवा आपोआप पडलेला नाही. मे महिन्यात तिथे ड्रेनेज लाइनसाठी चर खणला होता, आमच्या खिडकीतून सगळं दिसायचं. चर बुजवताना माती थराथराने टाकून, पाणी मारून, प्रत्येक थर धुमसून घ्यावा लागतो. यांनी उकरलेली माती आणि विटांचे तुकडे एकदम आत ढकलले, वरून जेसीबी दोनदा फिरवला, खडी पसरली आणि डांबराचा पापुद्रा चढवला. पहिल्याच मोठ्या पावसात आतली माती बसली, पापुद्रा तेवढा वर राहिला.

बाबांच्या उजव्या मनगटात प्लेट बसवली आहे. ते घरी हार्मोनियम शिकवतात. अजूनही करंगळी पट्टीवर नीट पडत नाही, आणि शिकवणी चार महिने बंद आहे.

त्या दिवशी कोणीतरी भुव्यात कडुलिंबाची फांदी रोवली. भावाने फोटो काढले ते बरं झालं, कारण दुसऱ्या दुपारी राबिट टाकून खड्डा बुजवलासुद्धा. रस्त्यावाले म्हणतात, लाइनवाल्यांना विचारा. लाइनवाले ठेकेदाराकडे बोट दाखवतात. ठेकेदाराचा माणूस फोनवर म्हणाला, "बेन, अमारुं काम तो पती गयुं," म्हणजे आमचं काम तर संपलं. नावं मुद्दाम लिहीत नाही.

पुण्याच्या मामेबहिणीने मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५चा निकाल पाठवला. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख. पण तो महाराष्ट्रातल्या रस्त्यांसाठी. आमच्याकडे महानगरपालिकांचा १९४९चा कायदा लागतो. त्याच्या कलम ४८७ प्रमाणे दाव्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची आणि घटनेपासून सहा महिन्यांत दावा लावायचा. आज देवदिवाळी. म्हणजे हातात दोन महिनेसुद्धा नाहीत.

रस्ता नक्की कोणाच्या ताब्यात हे कागदावर मिळेपर्यंत थांबू, की तिघांनाही नोटीस देऊ? माहिती अधिकारात वर्क ऑर्डर, मेजरमेंट बुक (झालेल्या कामाच्या मोजमापाची वही) आणि ठेकेदाराचा डिफेक्ट लायबिलिटीचा काळ (कामातल्या दोषाची जबाबदारी त्याच्यावर असते ती मुदत) मागितला आहे. आणखी एक भीती आहे. पोलिसांत नोंद केलेली नाही, आणि दवाखान्याच्या कागदावर फक्त "स्कूटरवरून पडले" एवढंच आहे. त्या घाईत कोणाला सुचलंच नाही. असा दावा कोणी लढवला असेल तर कृपया सांगा.

---

प्रतिसाद:

ताई, थांबू नका. तिघांनाही रजिस्टर्ड एडीने नोटीस पाठवा, कोण जबाबदार ते पुढे ठरेल. माहिती अधिकाराचं उत्तर यायला ३० दिवस लागू शकतात, तेवढ्यावर मुदत टांगून ठेवू नका. भावाच्या फोनमधले मूळ फोटो अजिबात पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोत वेळ आणि ठिकाणाची नोंद उरत नाही. दवाखान्याच्या कागदावर कारण नाही ना, मग बाबांना कोणी उचललं? त्यांची साक्ष आत्ताच लिहून घ्या. आणि शिकवणीची फी वहीत मांडलेली असेल तर ती वही जपा, बुडालेलं उत्पन्न त्यावरूनच दाखवता येईल.

---

धागाकर्ती:

मनापासून आभार. फीची वही आहे, बाबांच्याच अक्षरातली, २७ जूनपर्यंत भरलेली. त्यांना उचललं ते दूधकेंद्रावरच्या भाईंनी. उद्या सहाला त्यांना गाठते. ते गुजरातीतच सांगणार, तर साक्ष त्यांच्या शब्दांत गुजरातीत लिहून घेतली तर चालेल ना?