अनुभव धागा: 'स्कॉलरशिपवाले' आई-बाबा झाले की...

चौथी-सातवीच्या स्कॉलरशिपमुळे गावभर 'हुशार' म्हणून मिरवलेली पिढी आता स्वतःच्या मुलांना अभ्यासाला बसवते. तिथे काय बिघडतं, ते लिहा. सत्काराचे किस्से नकोत.

गणित शिकवणारी
मूल उदाहरण वाचत असतं तोवर यांचं उत्तर तयार! मग "अगं, सोप्पंय!" निघतंच. मुलीला कळतं ते एवढंच की सोपं असूनही आपल्याला येत नाही. मग ती कच्चं काम पान फाटेस्तोवर खोडते आणि नुसतं उत्तर दाखवते. कुठली पायरी चुकली ते कुणालाच दिसत नाही, आणि पुढे बीजगणित आलं की सगळं अंगाशी येतं. खोडरबर दप्तरात ठेवा. चुकलेल्या पायरीवर एक आडवी रेघ, खाली पुन्हा मांडणी. दहा उदाहरणांत सात येणारी, दोन अडणारी, एक तुम्हालाही चटकन न सुटणारं. ते तिच्यासमोर अडखळत सोडवा. पालकांना हेच सगळ्यात जड जातं.

शाळेतली समुपदेशक
म्युलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांचा 1998 चा प्रयोग बऱ्याच जणांना ठाऊक असतो: 'हुशार आहेस' ऐकलेल्या मुलांनी अवघड कोड्यांत आपटल्यावर 'मेहनत घेतलीस' ऐकलेल्यांपेक्षा लवकर नाद सोडला, आपले गुणही फुगवून सांगितले. म्हणून हल्ली घरोघरी "छान मेहनत घेतलीस" चालू आहे. दोन मिनिटांत उरकलेल्या गृहपाठाला मेहनत म्हटलं की मुलं हसतात. "हे तुला सोपं गेलं, पुढचं घेऊ" एवढं पुरे.

सराव वर्गवाला
'आमचं झालं ते पुरे' म्हणत परीक्षेलाच न बसवणारेही भेटतात. मला ते टोक वाटतं. पेपरला 75 प्रश्न, 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे 72 सेकंद. इथे वेगही मोजला जातो, हे मुलाला आधीच सांगा. पहिले काही पेपर घड्याळाशिवाय, मग वेळ लावून. सुरुवातीपासून घड्याळ लावलं की मूल प्रश्न न वाचताच गोल काळे करतं.

दोन मुलांची आई
निकाल फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही, हे आजोबांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. "थोरला हुशार, धाकटी कलेची" ही वाटणी तिथेच होते, आणि मग धाकटी गणिताला हात लावत नाही.