ब्रायन बोरूने व्हायकिंगांना खरोखर हाकलले का?

गोदातीर, नांदेड:
सप्रेम नमस्कार. आमच्या महाविद्यालयाच्या इतिहास मंडळासाठी आयर्लंडचा राजा ब्रायन बोरू याच्यावर व्याख्यान तयार करीत आहे. १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत त्याने व्हायकिंगांना देशाबाहेर हाकलले, असे सर्रास लिहिले जाते. मात्र डब्लिनचा नॉर्स (व्हायकिंग वंशाचा) राजा सिट्रिक त्यानंतरही १०३६ पर्यंत गादीवर होता. या दोहोंचा मेळ कसा घालावा?

देवगिरीकर:
सर, ही लढाई मुळात मांडलिकांच्या बंडातून उद्भवली. लेन्स्टर या आयर्लंडच्या पूर्वेकडील प्रांताचा राजा मेल मोर्दा स्वतः आयरिश होता. त्याने आपला भाचा सिट्रिक याच्या साथीने ब्रायनचे वर्चस्व झुगारले आणि स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांचा व्हायकिंग सरदार सिगुर्ड त्यांच्या मदतीला धावला. त्यात सिट्रिक हा ब्रायनचा जावई, आणि सिट्रिकची आई गॉर्मली एकेकाळी ब्रायनचीच राणी! गुड फ्रायडेच्या त्या दिवशी ब्रायन, त्याचा मुलगा आणि नातू मारले गेले. मेल मोर्दा व सिगुर्डही पडले. वाचला तो सिट्रिक.

मांजराकाठ, लातूर:
परकीयांना पिटाळणारा राष्ट्रवीर ही प्रतिमा मुख्यतः ब्रायनच्या पणतूच्या काळात, बाराव्या शतकाच्या आरंभी, त्याच घराण्याच्या गौरवासाठी रचलेल्या ग्रंथाने रुजवली. हेमाद्रीने लिहिलेली यादवांची राजप्रशस्ती आपण जशी पारखून घेतो, तशीच याही ग्रंथाची पारख करावी लागते.

देवगिरीकर:
अगदी खरे. माझ्या मते ब्रायनचे कर्तृत्व क्लॉन्टार्फच्या आधीचे आहे, आणि व्याख्यानाचा भर तिथेच असावा. शॅनन नदीकाठच्या एका लहानशा घराण्यातला हा पुरुष. ९७६ मध्ये थोरला भाऊ मारला गेल्यावर त्याने मन्स्टर हा दक्षिणेकडील प्रांत ताब्यात आणला, ९९७ मध्ये आयर्लंडचा महाराजा, म्हणजे सर्व राजांवरचा राजा, मेल शेख्निल याच्याशी देशाची वाटणी केली आणि १००२ मध्ये त्यालाच नमते घ्यायला लावून, शतकानुशतके ऊई नील घराण्याकडे चालत आलेले महाराजपद स्वतःकडे घेतले. १००५ मध्ये आर्मा येथील चर्चच्या वेदीवर त्याने वीस औंस सोने अर्पण केले, आणि तिथल्या पवित्र ग्रंथात त्याचा उल्लेख ‘आयरिशांचा सम्राट’ असा करण्यात आला. धर्मपीठाची ही मान्यता मला कोणत्याही लढाईपेक्षा मोठी वाटते. मात्र ओलीस आणि खंडणी यांवर उभी असलेली ही सत्ता त्याच्या वारसांना टिकवता आली नाही. महाराजपद पुन्हा मेल शेख्निलकडे गेले आणि १०२२ मध्ये तो मरेपर्यंत त्याच्याकडेच राहिले.