मदत हवी आहे : कार्बन कॉलमनंतर ऑक्टाक्लोरो डायऑक्सिनची रिकव्हरी घसरते

देवनार कचराभूमीच्या परिसरातील माती आणि राख यांतील डायऑक्सिन व फ्युरान या विषारी क्लोरीनयुक्त संयुगांचे प्रमाण मी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या (ईपीए) १६१३ पद्धतीने मोजत आहे. टोल्युइनमधील सॉक्सलेट निष्कर्षणानंतर बहुस्तरीय सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि शेवटी कार्बन कॉलम असा शुद्धीकरणाचा क्रम आहे. मातीच्या नमुन्यांत अडचण नाही. राखेच्या नमुन्यांत मात्र कार्बन-१३ ने चिन्हांकित टेट्रा आणि पेंटा (चार व पाच क्लोरीन अणूंच्या) संयुगांची रिकव्हरी, म्हणजे मिसळलेल्यापैकी परत मिळणारा भाग, ७० ते ८० टक्के येत असताना चिन्हांकित ऑक्टाक्लोरो (आठ क्लोरीन अणूंच्या) डायऑक्सिनची जेमतेम १२ टक्के येते.

कार्बन कॉलम उलटा करून टोल्युइनचे आकारमान दुप्पट केले, अ‍ॅल्युमिनाची नवी खेप वापरली, ब्लँकही (नमुन्याविना केलेली चाचणी) तपासला. तो स्वच्छ असून त्यात रिकव्हरी उत्तम येते. ही चिन्हांकित संयुगे (मानके) ज्ञात प्रमाणात निष्कर्षणापूर्वीच मिसळतो. राखेवर आम्लप्रक्रिया अद्याप केलेली नाही, आणि मला खरी शंका तिथेच आहे.

डब्ल्यूएचओच्या २००५ च्या विषारीपणाच्या गुणांकांनुसार ऑक्टाक्लोरो डायऑक्सिनचा भार ०.०००३ इतकाच असल्याने एकूण विषसममूल्यात (सर्व संयुगांच्या भारित विषारीपणाच्या बेरजेत) फारसा फरक पडणार नाही, हे मान्य. परंतु प्रदूषणाचा स्रोत ओळखण्यासाठी सर्व १७ संयुगांचा परस्पर आकृतिबंध हवा आहे, शिवाय ऑक्टाक्लोरो फ्युरानचे मापनही याच मानकावर अवलंबून आहे. नमुना प्रत्येकी ५ ग्रॅमच शिल्लक असल्याने फार प्रयोग परवडणारे नाहीत.

न जळालेल्या कार्बनचे प्रमाण जास्त असलेल्या राखेवर निष्कर्षणापूर्वी हायड्रोक्लोरिक आम्लाची प्रक्रिया कोणी केली आहे का, आणि असल्यास आम्लाची तीव्रता व कालावधी किती ठेवला होता?