'स्थानिकांना विचारा' म्हणे! रत्नागिरीत स्वस्तात जेवायचं तरी कुठे?

भाट्येवाला:
काल इथे एकाने लिहिलं की रत्नागिरीला गेलात तर हॉटेलं शोधत बसू नका, स्थानिक माणसाला विचारा, तो स्वस्त आणि मस्त जागा दाखवेल. त्यावर ढीगभर अंगठे. मी स्थानिक आहे म्हणून सांगतो, सल्ला भिकार आहे. आम्ही मासे घरी खातो. बाहेर जातो ते मुंबईचा मेव्हणा आला की, आणि त्याच्यासमोर लाज जायला नको म्हणून एसीत नेतो. तुम्ही रस्त्यात विचारलंत तर तीच जागा सांगणार. साध्या खानावळीत पाठवलं आणि पाहुण्याने तोंड वाकडं केलं, तर ऐकून कोणी घ्यायचं?

विचारायचंच असेल तर 'चांगलं कुठे मिळतं' असं विचारू नका. 'डबा नसला की दुपारी कुठे जेवता' असं विचारा, तेही कोर्ट, एसटी स्टँड, सरकारी कचेऱ्या यांच्या आसपास. जिथे माणसं एक ते दोनच्या दरम्यान घाईने येतात, मेनूकार्ड न बघता 'एक बांगडा' म्हणतात आणि हात धुऊन निघतात, तिथे बसा. बसायच्या आधी मासा आणि त्याचा भाव विचारा. बांगड्याच्या आणि सुरमईच्या ताटात कित्येकदा दुपटीचा फरक पडतो. कालवण, भात, भाकरी दोन्हीकडे तेच. फरक फक्त त्या एका तुकडीचा.

डोंबिवलीकर:
वा. म्हणजे आम्ही कोकण रेल्वेतून कुवारबावला, रत्नागिरी स्टेशनात, उतरायचं, सासू-सासरे आणि दोन पोरं घेऊन गावात यायचं, आणि कोर्टाबाहेर उभं राहून वकील कुठे जेवतात ते बघायचं? एकट्यादुकट्याला ठीक आहे हे. मी मॅपवर चार तारे बघून गेलो, बसायला जागा मिळाली, बाथरूम स्वच्छ होतं. त्याचेही पैसे असतात, मान्य. पण बिलात सोलकढी वेगळी! वाटीला चाळीस रुपये! कोकणात येऊन मासळीच्या ताटात सोलकढी नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. आणि होती काय, तर गुलाबी पाणी.

चुलीपाशी:
मी खानावळ चालवते, म्हणून बोलते. नारळाचा भाव विचारलात का कधी? एका नारळाच्या दाट रसात चार-पाच वाट्या होतात, त्याच्या पुढे पाणीच. आमच्याकडे पहिली वाटी ताटातच असते. पण तुमच्यासारखे सहा जण येतात, चार ताटं घेतात, दोन रिकाम्या ताटल्या मागतात, आणि मग कढी प्रत्येकाला तीनदा. पोरांना वाढायला आम्हाला जड होत नाही हो. पण वर मॅपवर लिहून जाता, 'कढी पातळ.'

डोंबिवलीकर:
सासऱ्यांना मधुमेह आहे, ते अर्धंच जेवतात. अख्खं ताट घेऊन अन्न टाकायचं का?

चुलीपाशी:
मग राइसप्लेट सोडून नुसतं कालवण-भाकरी मागा. विचारलं तर देतो आम्ही. विचारत नाही कोणी.

आगळ_आणि_फक्त_आगळ:
मूळ मुद्दा बाजूला राहू दे, पण गुलाबी कशाने झाली ते कोणी बोलत नाहीये. चांगल्या आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, कढी फिकी असते. भडक दिसली की बीट नाहीतर रंग. आणि लसूण घातलेली कढी ही कढी नव्हे. आमच्याकडे हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ, बास.

मिऱ्याबंदर:
लसणाशिवाय सोलकढी म्हणजे आजाऱ्याचं पथ्य. मासे खाल्ल्यावर पोटाला ठेचलेला लसूणच लागतो.

आगळ_आणि_फक्त_आगळ:
मासे खाणाऱ्यांनी कढीवर कब्जा केलाय तो असा.

शाकाहारी_वैतागलेला:
निदान तुमच्यावर चर्चा तरी होते. मी रत्नागिरीत कुळथाची पिठी आणि आळूचं फदफदं मागितलं तर वेटर माझ्याकडे दया आल्यासारखा बघायला लागला. म्हणाला, पनीर बटर मसाला आहे. घरोघरी होणारी पिठी हॉटेलात नाही, आणि पनीर कुठून येतं देव जाणे. स्वस्त म्हणाल तर कुळथासारखं स्वस्त काय आहे?

मिऱ्याबंदर:
पनीर खा आणि गप्प बसा. इथे लसणाचं चाललंय.

हिशेबनीस:
लसणातून कोणी वर येणार असेल तर एक सांगतो. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के. पण मालक कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असेल तर तो गिऱ्हाइकाकडून कर वसूलच करू शकत नाही, त्याने तो स्वतःच्या खिशातून भरायचा. आणि ज्याची नोंदणीच नाही, त्यालाही नाही. बिलावर जीएसटी नंबर बघा.

डोंबिवलीकर:
बिल चिठ्ठीवर होतं. खाली पेनने 'जीएसटी ५' लिहिलेलं. नंबर नव्हता.

भाट्येवाला:
चार ताऱ्यांचं होतं ना?

डोंबिवलीकर:
तुम्ही दात काढा. तारे कमी असते तर तुम्हीच म्हणाला असतात, न बघता कशाला गेलात.

मिऱ्याबंदर:
गेलात कधी, ते सांगा आधी.

डोंबिवलीकर:
जुलैत. पोरांची शाळा बुडवून.

मिऱ्याबंदर:
झालं! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी, मिरकरवाडा बंदरात बोटी नांगरून पडलेल्या, आणि यांना स्वस्त सुरमई हवी. ती बर्फातली, बाहेरून आलेली, भाव दुप्पट. तेव्हा खाडीचं काही असेल ते खावं, नाहीतर सुकट, सुका बांगडा. ते कुठल्याही खानावळीत परवडतं.

डोंबिवलीकर:
सुट्टीला येऊन सुकट खायची? बरं. बंदी मला माहीत होती, पण मेनूवर सुरमई छापलेली होती आणि वेटर 'ताजी आहे साहेब' म्हणाला.

चुलीपाशी:
मेनू वर्षातून एकदा छापतात. आज काय आलंय ते फळ्यावर लिहितात. फळा नसेल तर मेनूवर विश्वास ठेवू नका. एवढं भाट्येवाल्यांनी आधी सांगितलं असतं तर कोर्टाबाहेर उभं राहायची पाळी आली नसती कोणावर.

भाट्येवाला:
मी भाव विचारा म्हटलंच होतं. पण फळ्याचं बरोबर आहे तुमचं, ठीक.

डोंबिवलीकर:
म्हणजे पुढच्या वेळी नोव्हेंबरात यायचं, फळा बघायचा, बांगडा खायचा. छान. आमच्या सासूबाई काट्याच्या माशाला हात लावत नाहीत. त्यांना तुमच्या घरी पाठवतो, स्थानिक आहात ना.

भाट्येवाला:
पाठवा. फक्त आधी कळवा, सोमवारी आणि गुरुवारी आमच्याकडे मासे नसतात.