स्पीकर माझा, मग त्यातली हाक काढून नेणारे तुम्ही कोण?

ओसरी:
आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा घरात तीन स्मार्ट स्पीकर घेतले. गाण्यांसाठी नाही. कारण एकच, त्यातून घरभर हाक मारता यायची. आई पलंगावरून म्हणायची, "सगळ्यांना सांग, दार वाजतंय", की टिंग व्हायचं आणि तिचाच आवाज स्वयंपाकघरात आणि वरच्या खोलीत ऐकू यायचा. यंत्राचा सपाट आवाज नव्हे, तिचा स्वतःचा. "अरे, जरा ये रे" हे ती कुठल्या सुरात म्हणते त्यावरून मला कळायचं की चष्मा सापडत नाहीये की खरंच उठता येत नाहीये.

गेल्या महिन्यात रात्री केव्हातरी अपडेट आलं. मला कुणी विचारलं नाही, हे स्पीकर आपले आपणच अपडेट होतात. सकाळी आईने हाक मारली तर उत्तर आलं, की ही सोय आता उपलब्ध नाही, तुम्ही अ‍ॅपमधून संदेश पाठवू शकता. आईला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिने आवाज चढवून सांगितलं, मग एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तेव्हा ती त्या डब्याला "अहो, जरा ऐका ना" असं म्हणत होती.

मग ग्राहक सेवेशी चॅट. स्पीकर बंद करून चालू केला का? केला. राउटर? तोही केला. भाषेचं सेटिंग बदलून पाहिलं का? चाळीस मिनिटांनी तिकडून कळलं की वापर कमी असल्याने हे फीचर काढून टाकलं आहे आणि माझा अभिप्राय त्यांच्यासाठी मोलाचा आहे. फीचर काढलंय हे त्यांना पहिल्या मिनिटाला माहीत नव्हतं का? की मी कंटाळून जाईन अशी आशा होती?

स्पीकरचं खोकं अजून माळ्यावर आहे. मुद्दाम काढून पाहिलं. बाजूला चार चित्रं आहेत, त्यातल्या एकात एक बाई एका खोलीत बोलतेय आणि दुसऱ्या खोलीत मुलं वळून बघताहेत. हीच सोय दाखवून मला वस्तू विकली. उद्या एखाद्या सुताराने कपाट विकलं आणि दोन वर्षांनी रात्री घरात शिरून त्यातला एक खण काढून नेला, वर म्हणाला "तुम्ही तो फारसा उघडत नव्हता", तर आपण पोलिसांत जाऊ. इथे मात्र अभिप्राय द्यायचा.

माझं म्हणणं एवढंच. सोय काढायची तर पुढच्या मॉडेलमधून काढा. विकून झालेल्या वस्तूला हात लावू नका, नाहीतर अपडेट नाकारायची मुभा तरी द्या. तुम्हाला काय वाटतं?

नटबोल्ट:
मी याच धंद्यात आहे (फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर), त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. काकूंबद्दल खरंच वाईट वाटलं. पण कपाटाची उपमा बसत नाही.

तुमच्या आईची हाक भिंतीतून स्वयंपाकघरात जात नव्हती. अशा बहुतेक स्पीकरना स्वतःचं स्वतः कळतं ते मुख्यतः त्यांना जागं करणारा शब्द. पुढचं सगळं कंपनीच्या सर्व्हरवर जातं. तिथे बोलणं ओळखलं जातं, तुमच्या खात्यावर कुठले स्पीकर आहेत ते बघितलं जातं आणि मग तो आवाजाचा तुकडा बाकीच्या खोल्यांकडे रवाना होतो. दहा पावलांवरच्या माणसासाठी हाक कदाचित दुसऱ्या देशात जाऊन येते. वेडेपणा आहे, मान्य. पण ही सेवा आहे, फळी नव्हे. ती रोज कुणीतरी चालवत असतं.

आणि "आहे तसं राहू द्या" ही गोष्ट सॉफ्टवेअरमध्ये नसते. मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ (टीव्हीला, स्पीकरला जोडायची गुगलची उपकरणं) जगभर एकदम बंद पडले. कुणी काही काढलं नव्हतं. आत बसवलेल्या, उपकरणाची ओळख पटवणाऱ्या एका डिजिटल प्रमाणपत्राची १० वर्षांची मुदत संपली, बस. गुगलला धावपळ करून दुरुस्ती पाठवावी लागली. एकेक सोय जिवंत ठेवायची म्हणजे चिपच्या प्रत्येक पिढीवर, दर अपडेटला ती तपासायची. शंभर सोयी असतील तर कधीतरी काही गळणारच. जानेवारी २०२४ मध्ये गुगलने असिस्टंटमधल्या (त्यांच्या बोलत्या मदतनिसातल्या) १७ सोयी कमी वापराचं कारण देऊन काढायचं जाहीर केलं. निदान यादी देऊन काढल्या.

मांजरपाट:
म्हणजे कपाट नव्हे, बँकेतला लॉकर. बरं. मग लॉकर म्हणून विका की राव. विकताना कपाट, तक्रार केली की लॉकर!

सरळमार्गी:
@ओसरी, स्पीकर लावताना "मला मान्य आहे" वर बोट ठेवलंत ना? त्या अटींत सेवा बदलू शकते, बंद होऊ शकते असं लिहिलेलं असतं. वाचलं नाही हा दोष कंपनीचा नाही.

दुसरं, दर वेळी कंपनीची लहरच असते असंही नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने निकाल दिला की गुगलने सोनोस या स्पीकर कंपनीच्या पाच पेटंटचा भंग केलाय. लगेच गुगलला स्पीकरच्या गटाचा आवाज एकत्र कमी-जास्त करायची सोय काढावी लागली. लोक बसले एकेका स्पीकरचा आवाज वेगवेगळा लावत. त्यात गुगलने काय करायचं होतं?

आणि स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आजारी माणसाला इंटरनेटवर चालणाऱ्या खेळण्याच्या भरवशावर ठेवणंच चूक. तारेची बेल लावा. कधी अपडेट होत नाही.

सूरपेटी:
"गुगलने काय करायचं होतं" म्हणे! दुसऱ्याच्या पेटंटवर बांधलेली वस्तू विकली, पैसे गुगलने घेतले आणि सोय गेली ग्राहकाची. निकाल गुगलच्या विरुद्ध लागला आणि शिक्षा भोगली गिऱ्हाइकाने. त्यांनी परवाना घ्यायचा होता किंवा लोकांचे पैसे परत करायचे होते, एवढं साधं आहे.

ओसरी:
@सरळमार्गी, बेल लावली आहे. त्याच आठवड्यात लावली. त्यावर नंतर लिहितो.

"मान्य आहे" बद्दल. ती अट कधी दिसते? पैसे देऊन झाले, खोकं फोडलं, स्पीकर भिंतीला लावला, त्यानंतर. तिथे "अमान्य" म्हटलं तर हातात काय उरतं? कापडात गुंडाळलेलं पेपरवेट. याला कुणी करार म्हणत असेल तर म्हणो.

@नटबोल्ट, तुमचं सर्व्हरचं म्हणणं पटलं. मला खरंच वाटत होतं की आवाज घरातल्या घरात फिरतो. पण मग "वापर कमी" हे कारण आणखी खुपतं. ज्याच्या घरात सगळे धडधाकट आहेत तो जिन्यात उभा राहून ओरडतो, त्याला या सोयीची गरजच काय? ती वापरणार थोडेच लोक, पण जे वापरतील ते दिवसातून वीस वेळा. तुम्ही डोकी मोजता. आईच्या हाका कोण मोजणार?

आणि प्रत्येक वेळी खर्चाचंच कारण असतं असंही दिसत नाही. अमेझॉनच्या काही इको स्पीकरमध्ये बोललेलं रेकॉर्डिंग क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, न पाठवायचा पर्याय होता. मोजक्या मॉडेलवर आणि अमेरिकेतल्या इंग्रजीपुरताच, तरी होता. २८ मार्च २०२५ पासून तोही गेला, कारण नव्या एआय अलेक्साला क्लाउड हवा. ज्याने खासगीपणासाठी नेमकं तेच मॉडेल निवडून घेतलं असेल त्याने काय करायचं?

नटबोल्ट:
अमेझॉनचा तो निर्णय मलाही आवडला नव्हता. त्याची बाजू मी घेत नाही.

पण "अपडेट नाकारायची मुभा द्या" याबद्दल सावध राहा. ती मुभा सोनीने २०१० मध्ये देऊन झालीय. त्यांच्या प्लेस्टेशन ३ या खेळयंत्रावर लिनक्स ही कॉम्प्युटरची प्रणालीही चालवता यायची. १ एप्रिलच्या ३.२१ अपडेटने ती सोय काढली. नको असेल तर अपडेट घेऊ नका म्हणाले. फक्त मग ऑनलाइन खेळता येणार नव्हतं. म्हणजे डावा हात तोडायचा की उजवा ते तुम्ही ठरवा. अमेरिकेत त्यावर खटला वर्षानुवर्षे चालून अखेर तडजोडीत मिटला.

आणि समजा, खरोखर मुभा मिळाली. तुमच्या घरात एक माइक चोवीस तास चालू आहे आणि त्याला सुरक्षेची दुरुस्ती मिळणं बंद झालंय. झोप लागेल?

मांजरपाट:
सुरक्षेची दुरुस्ती आणि सोय काढणं एकाच पुडक्यात बांधून कोण देतं? तुम्हीच ना? औषधाच्या गोळीबरोबर खिसाही कापायचा आणि वर म्हणायचं की औषध नको का.

नटबोल्ट:
😄 हे लागलं. तांत्रिकदृष्ट्या वेगळं करता येतं. पण सॉफ्टवेअरच्या दोन दोन शाखा (आवृत्त्या) सांभाळायला माणसं लागतात आणि ती कुणी देत नाही.

कलमदान:
थोडं कायद्याचं, कारण इथे दोन्ही बाजू अंदाजपंचे बोलताहेत.

युरोपीय संघाचा २०१९ चा डिजिटल सेवांबद्दलचा निर्देश (२०१९/७७०; सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात आणायचा नियम) सांगतो की चालू सेवेत बदल करायचा तर करारात त्याचं रास्त कारण हवं, ग्राहकाला जादा खर्च पडता कामा नये आणि त्याला स्पष्ट कळवायला हवं. बदलामुळे ग्राहकाचं किरकोळाहून जास्त नुकसान होत असेल तर ३० दिवसांत फुकट करार मोडता येतो. ऐकायला छान आहे. गोम अशी की वस्तूच्या आतच असलेलं आणि तिच्याबरोबर विकलेलं सॉफ्टवेअर जुळ्या निर्देशात (२०१९/७७१) मोडतं. त्यात वस्तू नीट चालावी म्हणून अपडेट देत राहा असं आहे, पण सोयी काढण्याबद्दल वरच्यासारखं थेट कलम नाही. म्हणजे गाण्यांची वर्गणी असलेल्याला स्पीकर विकत घेणाऱ्यापेक्षा जास्त स्पष्ट संरक्षण!

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षेची अपडेट किमान किती काळ देणार हे उत्पादकाला जाहीर करावं लागतं. चांगलं आहे, पण तेही सुरक्षेपुरतं. "ही सोय अमुक तारखेपर्यंत राहील" असं खोक्यावर छापायला लावणारा कायदा माझ्या पाहण्यात नाही. @ओसरी, ते चित्र असलेलं खोकं फेकू नका. जाहिरातीत दाखवलेली गोष्ट वस्तूत नाही, या मुद्द्यावर भांडायला तोच पुरावा आहे.

सूरपेटी:
कायदा राहू द्या, बोंब मारली की काम होतं. मे २०२४ मध्ये सोनोसने नवं अ‍ॅप आणलं. त्यात झोपताना आपोआप बंद होण्याचा टायमर नाही, गजर लावता येत नाही, रांगेतली गाणी बदलता येत नाहीत. लोक इतके तापले की जुलैत कंपनीच्या प्रमुखाला जाहीर माफी मागावी लागली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याने पद सोडलं. सोयी एकेक करून परत आल्या.

सरळमार्गी:
आल्या, पण किती महिन्यांनी? आणि जुनं अ‍ॅप परत द्या म्हटलं तर कंपनी म्हणाली की त्याने आणखी बिघडेल, कारण स्पीकरच्या आतलंही बदललंय. एकदा गेलेलं जसंच्या तसं येत नाही, हेच मी सांगतोय. म्हणून असल्या वस्तूवर भिस्त ठेवू नये. तीनशे लोकांनी बोंब मारून काही होत नाही, तीन लाखांनी मारली तर होतं. काकूंसारख्या किती असतील?

नटबोल्ट:
@सरळमार्गी, हे शेवटचं वाक्य वाचून थांबलो. एक जुनी गोष्ट सांगतो, कंपनीचं नाव विचारू नका. आम्ही एक सोय काढली होती, बटण दाबलं की यंत्र स्वतःची सेटिंग मोठ्याने वाचून दाखवायचं. आलेखात वापर अगदी तळाला. बैठकीत दोन मिनिटांत निकाल लागला, मीही मान डोलावली. नंतर तक्रारी आल्या त्यातल्या बहुतेक अंध लोकांच्या होत्या. काहींनी ते यंत्र तेवढ्यासाठीच घेतलं होतं. सोय परत टाकायला आम्हाला आठ महिने लागले. तेवढ्यात कितीजणांनी यंत्र बदललं असेल कोण जाणे.

तेव्हा माझं मत तेच आहे, सोयी कधीतरी जाणारच. पण काढण्याआधी स्पीकरने स्वतः तोंडाने महिनाभर सांगायला काय हरकत आहे? बोलता येतं की त्याला. ईमेल कोण वाचतं? आणि जाताना किल्ली ठेवून जावी. बोसने ऑक्टोबर २०२५ मध्ये साउंडटच या आपल्या स्पीकरची क्लाउड सेवा बंद करायचं जाहीर केल्यावर लोक भडकले, मग त्यांनी तांत्रिक माहिती खुली केली, म्हणजे ज्याला जमेल तो स्वतःची सोय करील. सगळ्यांना जमत नाही, तरी बंद दारापेक्षा बरं.

ओसरी:
बेलचं लिहितो म्हटलं होतं. पलंगाच्या कडेला बटण आहे, वर आणि स्वयंपाकघरात घंटा. चालते व्यवस्थित, @सरळमार्गी, तेवढं श्रेय तुमचं. अडचण अशी की आता मी प्रत्येक घंटेला धावत जातो, कारण आत काय झालंय ते कळत नाही. काल चार वेळा पळालो. एकदा पाणी, एकदा पंखा, एकदा "कोण आलं होतं रे मघाशी", आणि एकदा चुकून कोपर लागलं होतं. आईला वाईट वाटतं की मी धापा टाकत येतो, म्हणून ती आता बटण दाबायचं टाळते. परवा तिने खिडकी लावायला म्हणून स्वतःच उठायचा प्रयत्न केला.

नटबोल्ट:
ते नको व्हायला. होम असिस्टंट नावाचं खुलं सॉफ्टवेअर आहे, घरातल्याच एका छोट्या कॉम्प्युटरवर चालतं. त्यावर हाक घरातल्या घरात फिरवता येईल, सर्व्हर नाही, कुणाचं अपडेट नाही. तुमचे स्पीकर त्याला जोडता येतात का ते बघायला लागेल. नाही आले तर माइक आणि स्पीकर असलेला एखादा जुना फोन चालेल. मॉडेल नंबर पाठवा.

सरळमार्गी:
आणि ते होम असिस्टंट बिघडलं की काकू कुणाशी चॅट करणार?

नटबोल्ट:
माझ्याशी.

ओसरी:
नंबर स्पीकरच्या बुडाशी आहे, राखाडी रबरावर राखाडी अक्षरं. फोटो काढून मोठा करून बघतो आणि रात्री टाकतो.