मदत हवी आहे: असारोची खळ होतेय, शनिवारी पाहुणे आहेत

इकोयीकरीण
शनिवारी नवऱ्याच्या ऑफिसातली मंडळी जेवायला येणार आहेत, त्यात दोघं इथले नायजेरियातले योरुबा. मोठ्या तोंडाने असारो करते म्हणून सांगून बसलेय आणि तो काही केल्या जमत नाहीये. यामच्या निम्म्या फोडी विरघळून खळ होते, उरलेल्या आतून कचकचीत राहतात. वर लाल तेलाचा तवंग. शेजारणीकडे खाल्ला तो दाट, मऊ, मधूनमधून अख्ख्या फोडी, तेल कुठे सुटलेलं दिसलं नाही. लवकर सांगा, उद्या बाजारात जायचंय.

खादाड_बोका
असारो म्हणजे काय? फोटू कुठंय?

रानजाई
याम म्हणजे सुरणच ना? चिंचेच्या पाण्यात उकळून घ्या, खाज जाते. आमच्याकडे आमसुलं घालतात. हाताला आधी तेल चोळायला विसरू नका.

इकोयीकरीण
खाजेचं मी काही विचारलंच नाहीये.

कंदमूळकर
रानजाई, सुरण अळूच्या कुळातला. लेगोसला जो पांढरा याम मिळतो तो आपल्या कोनफळाचा भाऊबंद. असारो म्हणजे त्याच्या फोडी लाल मिरचीच्या वाटणात आणि पाम तेलात शिजवून अर्धवट घोटायच्या, सगळं एकाच भांड्यात. ताई, याम कोणता आणलात?

इकोयीकरीण
कोणता म्हणजे? याम. लांबोडका, तपकिरी सालीचा. बाईने दिला तो घेतला.

अबुजावाले_काका
गोम तिथेच आहे. बाया दोन्ही विकतात. पांढरा याम तो 'इसू', आणि 'एवुरा' म्हणजे पाणीदार याम, तुमच्या कोनफळाचीच जात. एवुरा किसून इजेबूकडचे लोक इकोकोरे करतात, त्यात तो चिकटपणा हवाच असतो. असारोला तो घेतलात तर खळच होणार. शिवाय सध्या नव्या यामाचे दिवस. ऑगस्टच्या सुमारास इग्बो लोकांचा इरी जी होतो तो त्याचाच सण. नवा याम ओलसर असतो. साठवणीतला जुना मागा, तो कोरडा आणि चवीला गोडसर. आता सांगा, शिजवता कशात?

इकोयीकरीण
कुकरात. टोमॅटोची प्युरी, मिरच्या, कांदा, याम, सगळं एकदम. दोन शिट्या. तेल शेवटी वरून.

अबुजावाले_काका
अहो, हे आधी सांगायचं! आंबटात कंद नीट मऊ पडत नाही आणि कुकर बाहेरची बाजू फोडून टाकतो. जाड बुडाचं पातेलं घ्या. फोडी मोठ्या करा, चिरल्या की पाण्यात टाका म्हणजे काळ्या पडत नाहीत. फोडी जेमतेम बुडतील इतक्याच पाण्यात मीठ घालून निम्म्या शिजवा. ते पाणी फेकायचं नाही, दाटपणा त्यातूनच येतो. मग ताताशे (मोठी लाल मिरची), 'आता रोडो' (छोटी जहाल मिरची) आणि कांद्याचं वाटण, पाम तेल, दळलेली सुकी कोळंबी, भाजक्या माशाचे तुकडे. टोमॅटो नको, फारच वाटलं तर एखादा. किलोभर यामाला पाव वाटी तेल पुरे, आणि ते वाटणाबरोबरच. झाकून मंद आचेवर ठेवा. मऊ झालं की लाकडी डावाने कडेच्या थोड्या फोडी दाबायच्या. त्या पिठाने तेल धरलं जातं, म्हणून तवंग येत नाही. सारखं ढवळाल तर पुन्हा खळ.

ह्यूस्टनचा_बल्लव
काकांशी असहमत. मी गोठवलेला याम आणतो, कुकरला एक शिटी, टोमॅटोसकट. मस्त होतो.

अबुजावाले_काका
गोठवलेल्याच्या पेशी आधीच फुटलेल्या असतात, तो शिजणारच. त्याला असारो म्हणायचं की रस्सा, ते तुम्ही ठरवा.

पथ्यपाणी
पाम तेलात निम्म्याच्या आसपास संपृक्त चरबी असते. शेंगदाण्याचं वापरा.

कंदमूळकर
मग तो रंगही नको आणि वासही नको. पाहुण्यांना वरणभातच वाढा की.

खादाड_बोका
त्यापेक्षा जोलोफ राईस (टोमॅटोतला भात) करा. घानाचा भारी असतो म्हणे.

अबुजावाले_काका
जोलोफवरून नायजेरिया आणि घानाची जुनी चुरस आहे, हे वाक्य शनिवारी जेवणाच्या टेबलावर बोलू नका म्हणजे झालं.

इकोयीकरीण
कुकर बंद, कळलं. सांगायचं राहिलं, पाहुण्यांत एक गुजराती आहेत, मासे-कोळंबी अजिबात नाही.

ह्यूस्टनचा_बल्लव
हे आत्ता सांगताय?? सुकी कोळंबी काढली तर उरलं काय!

रानजाई
हिंग घाला.

अबुजावाले_काका
हिंग नको हो. इरू घ्या, आंबवलेल्या बिया असतात. वास उग्र, पण कोळंबीची उणीव बरीच भरून काढतात. चिमूटभर धुऊन आधी तेलात परता. मसाल्याच्या क्यूबचं वेष्टन वाचा, बऱ्याच क्यूबमध्ये चिकन किंवा कोळंबी असते. त्यांच्यापुरता लहान पातेल्यात वेगळा करा आणि डावही वेगळा ठेवा.

कंदमूळकर
+१. शेवटी उगूचा पाला बारीक चिरून घाला, दोन्हींत चालतो. नाही मिळाला तर पालक.

इकोयीकरीण
बाजारातून आले. जुना याम मिळाला, बाईने टोक कापून दाखवलं, आत पांढरा आणि कोरडा. इरूमुळे गाडीभर वास, ड्रायव्हर खूश, नवरा नाही. आता रोडो किती घालू?

अबुजावाले_काका
किलोला तीन.

ह्यूस्टनचा_बल्लव
तीन?! एक, तीही बिया काढून. घरात लहान मुलं आहेत का ते आधी विचारा.

इकोयीकरीण
आहेत. दोन.

खादाड_बोका
मुलं दोन की मिरच्या दोन?